पिस्ता रंग आणि मी

'कपाट ओसंडतंय, तरी घालायला काही नाही' ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. माझीही तीच गत होती. इंदूरच्या शीतलामाता बाजारात शिरलं की रिकाम्या हातानं परतणं अवघडच! आता ज्या सलवारीवर कुर्ता हवा, तिच्या कापडाची चिंधी पर्समध्ये ठेवते आणि दुकानातल्या दिव्याखाली नाही, दारात उन्हात येऊन रंग जुळवते. दुकानदार 'ले जाओ दीदी, जँचेगा' म्हणतो, म्हणू दे. गेल्या वर्षी साड्या दोनच घेतल्या. त्यातली एक माहेश्वरी, सुती-रेशमी. काठ दोन्ही बाजूंनी सारखे, उलटी-सुलटी कशीही नेसा. माझ्या सावळ्या रंगावर मोरपंखी खुलतो, पिस्ता घातला की मी आजारी दिसते. हे कळायला चाळिशी उजाडली. तीन पिस्ता कुर्ते अजून घडीतच आहेत, कुणाला हवेत का?