अधिवेशनाचं निवेदन लिहायचंय, 27 मागण्यांतल्या कोणत्या ठेवू?

दोनशिक्षकी
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी, 31 पोरं अन् आम्ही दोघं. मागच्या महिन्यात संघटनेचा तालुका सचिव झालो (झालो म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर नाव लिहून झालं होतं). आता डिसेंबरात नागपूर अधिवेशन, त्याआधी आमदारांना निवेदन द्यायचंय. जुनी फाईल काढली तर त्यात 27 मागण्या, जुन्या पेन्शनपासून शाळेच्या वीजबिलापर्यंत सगळं एकाच कागदात. गेल्या वर्षी हेच दिलं होतं, साहेबांनी गाडीच्या बोनेटवर ठेवून पहिलं पान पाहिलं, फोटो झाला, कागद पीएच्या हातात गेला अन् विषय संपला. या वेळी चार-पाचच मुद्दे ठेवायचा विचार आहे. पेन्शन राहीलच, त्याच्यावर वाद नको. पण टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), संचमान्यता (पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरवणं), बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, यात आधी काय घेऊ? बाकी 22 जणांचे रुसवे मी पाहून घेतो.

रिटायर_गुरुजी
सचिवसाहेब, आधी एक करा, पेन्सिल घ्या अन् प्रत्येक मागणीसमोर लिहा की हे कोणाच्या हातात आहे. आपल्या संघटनांची जुनी खोड आहे, जो समोर येईल त्याला सगळं मागायचं. टीईटी घ्या. ती आली आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 23 मधून, कायदा केंद्राचा. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांची नोकरी 5 वर्षांपेक्षा जास्त उरली त्यांनी 2 वर्षांत टीईटी पास व्हा, अन् ज्यांची कमी उरली त्यांनाही प्रमोशन पाहिजे तर पास व्हावंच लागेल. आता यात आमदार काय करणार? कायदा बदलायचा तर संसदेत, म्हणजे तो कागद खासदाराकडे गेला पाहिजे. आमदाराला एवढंच म्हणा की राज्यानं कोर्टात अन् दिल्लीत आपली बाजू मांडावी, तसा आग्रह सभागृहात धरा.

संचमान्यतेचं उलट आहे. 15 मार्च 2024 चा तो जीआर म्हणजे शासन निर्णय राज्याचा. जीआर खात्याच्या सचिवाच्या सहीनं निघतो अन् सहीनंच फिरतो, सभागृहात कोणी हात वर करायची गरज नसते. कमी पटाच्या शाळेवर कंत्राटी शिक्षकाचा जीआर तर 5 सप्टेंबर 2024 ला निघाला, म्हणजे ऐन शिक्षकदिनाला, काय टायमिंग! म्हणून तर त्याच महिन्यात 25 तारखेला सामूहिक रजा टाकावी लागली. तुमच्या 31 पोरांसाठी ‘दोन शिक्षक द्या’ असं लिहूच नका. आरटीईच्या अनुसूचीत 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक लिहूनच ठेवले आहेत. ‘कायदा पाळा, जीआर त्याच्याखाली जाऊ देऊ नका’ असं लिहा. मागणारा अन् हक्क सांगणारा यांचा आवाज वेगळा असतो.

मेळघाटी
गुरुजींचं बरोबर आहे पण टीईटी खाली ढकलू नका बाप्पा. मी 1999 ले लागलो, आता वय 49, म्हणजे 9 वर्षं उरले. त्या टायमाले जे शिक्षण मागितलं ते होतं, नेमणूक झेडपीनं दिली, मग आता मधातच कसा नापास होऊन राह्यलो मी? घरी पोरगी डीएड झाली, तीबी टीईटीची तयारी करून राह्यली. गाइड एकच आहे. सकाळी तिच्याजवळ, राती माह्याजवळ, अन् बालमानसशास्त्राच्या पानावर दोघायच्या पेनाच्या खुणा. परवा म्हणे, बाबा तुमी खोडरबरनं पुसत जा ना, मले उत्तर आधीच दिसते. हसू का रडू समजत नाही. कोरकू पोराले मराठीत आणता आणता माहे 20 वर्षं गेले, त्याचा एकबी प्रश्न त्या पेपरात नाही.

हायस्कूलवाला_वाशीम
एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. निवेदन घेऊन सगळे विधान परिषदेतल्या शिक्षक आमदाराकडे धावतात, पण त्याच्या निवडणुकीत झेडपीच्या प्राथमिक शिक्षकाला मतच नाही. संविधानाच्या कलम 171 प्रमाणे माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या शाळेत निदान 3 वर्षं शिकवणारेच त्या मतदारसंघाचे मतदार. परिषदेत 78 पैकी 7 जागा शिक्षकांच्या, ते 7 जण आमच्यासारख्यांच्या मतावर येतात, म्हणून टप्पा अनुदान (खासगी शाळांना टप्प्याटप्प्यानं मिळणारं सरकारी अनुदान) अन् शालार्थचे म्हणजे ऑनलाइन पगाराचे प्रश्न तिथं जास्त गाजतात, तुमचे कमी. तेव्हा तुम्ही आपल्या विधानसभेच्या आमदाराला पकडा, गावागावात तुमची ओळख आहे, त्याला ती पाहिजे असते. अन् नुसतं निवेदन नका देऊ, त्यानं सभागृहात मांडायच्या तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधी सूचनेचा मसुदाच लिहून न्या. पीएला तयार कागद आवडतो.

कापूसवाला_बाप
मी शिक्षक नाही, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहो. वरचं सगळं वाचलं, पोराईचं काहीच दिसलं नाही त बोलून राह्यलो. गरीब घरच्या पोरीईले शाळेत आल्याचा भत्ता भेटते, मागास अन् आदिवासी, पहिली ते चौथी. किती? दिवसाचा 1 रुपया. 1992 पासून 1 रुपयाच! सध्या वेचणी चालू आहे, आमच्या चौथीतल्या दोन पोरी आठ दिवसापासून मायसंगं वावरात, कारण घरी लहान्याले पाहाले कोणी नाही. किलोभर कापूस वेचला तरी 1 रुपयापेक्षा जास्त भेटते. मास्तर लोकं घरी बोलवाले येते, मी पाह्यलं, पण ते कायच्या भरवशावर बोलवतीन? हे टाका कागदात, मंग मी दहा पालक घेऊन तुमच्या संगं येतो आमदाराकडे.

रिटायर_गुरुजी
अध्यक्षसाहेबांचा मुद्दा पहिल्या पानावर घ्या, हे मी आता आदेशानंच सांगतो. दहा पालक सोबत असले की बोनेटवर निवेदन होत नाही, खुर्च्या येतात.

बीएलओचं राहिलं. ‘अशैक्षणिक कामं बंद करा’ असं मोघम लिहू नका. आरटीईच्या कलम 27 मध्येच जनगणना, आपत्ती अन् निवडणूक यांना सूट आहे, अधिकारी तेच दाखवतो अन् आपण गप्प बसतो. पण 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मतदार यादीचं काम शिक्षकाकडून सुट्टीत अन् शिकवण्याच्या वेळेबाहेर घ्या. तेवढंच मागा, वेळ ठरवून द्या. तुमच्या दोघांतला एक यादी घेऊन फिरला की चार वर्ग एकावर, हे आकड्यानिशी लिहा, कोणत्या तारखांना कोण बाहेर होतं ते हजेरीवरून काढा.

दोनशिक्षकी
धन्यवाद सगळ्यांना. हजेरी काढून बसलो, ऑगस्टपासून आम्हा दोघांपैकी एकजण 23 दिवस बाहेर होता. मलाच माहीत नव्हतं एवढं झालं म्हणून. तर आमदारांसाठी एका पानावर पोरींचा भत्ता, दोन शिक्षक, बीएलओची वेळ, पेन्शन. टीईटीचं वेगळं निवेदन खासदारांना, त्याला मेळघाटी सरांच्या गाइडची गोष्ट जोडू का? नाव न घालता.

आता तालुक्याच्या ठिकाणी टायपिंगवाल्याकडे बसलो आहे. त्याच्या कॉम्प्युटरमधे ती 27 मागण्यांची फाईल सेव्ह आहे. म्हणतो, सर, नुसती तारीख बदलू ना?