टाकासारखं दिसणारं हे नाणं बाजारात चालायचं का?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार मंडळी. भाची जर्मनीत माग्डेबुर्गला शिकते. तिनं बाराव्या शतकातल्या चांदीच्या नाण्याचे फोटो पाठवलेत, तिथल्या आर्चबिशपनं पाडलेलं. पुढं संत मॉरिस उभा, मागं तीच आकृती उलटी, खोलगट. दुसरा छापच नाही. आई बघून म्हणाली, "अगं बाई, हा तर आपल्या खंडोबासारखा टाक!" पत्रा बोटानं वाकेल इतका पातळ. हे खरंच बाजारात चालायचं की देव्हाऱ्यात ठेवायचं? आणि धर्मगुरूला टांकसाळ दिली कुणी? दोन दिवस हेच डोक्यात आहे.

जुनी नाणी (निपाणी):
चालायचं, रोजच्या देण्याघेण्यात. याला ब्रॅक्टिएट म्हणतात. लॅटिनमध्ये ब्रॅक्टिया म्हणजे पातळ पत्रा. वजन ग्रॅमभरही नाही. टांकसाळीचा हक्क मुळात राजाचा. सम्राट पहिल्या ओटोनं 965 मध्ये माग्डेबुर्गची टांकसाळ संत मॉरिसच्या मठाला दिली, 968 मध्ये तिथं आर्चबिशपचं पीठ झालं. म्हणजे धर्मगुरूच मुलखाचा धनी. कोलोन, माइन्झ, ट्रियरलाही तसंच. क्वेडलिनबुर्गला तर मठाधिकारिणी बाईंच्या नावानं नाणी निघाली! मॉरिस हा माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलचा संत, म्हणून नाण्यावर तो.

सराफकट्टा (शहापूर, बेळगाव):
काकूंची नजर पक्की आहे. आम्ही टाक करताना ठशावर पत्रा ठेवून ठोकतो. तिथंही ठसा एकच, पत्र्याखाली चामड्यासारखं मऊ काहीतरी. म्हणून मागं खोलगट. दोन ठशांमध्ये एवढा पातळ पत्रा धरला तर एका बाजूचं चित्र दुसरीला मारतं.

मलप्रभाकाठ:
पण झिजून फाटणार नाही का? आमचे टाक तीन पिढ्यांत गुळगुळीत झाले, तेही नुसत्या हळदकुंकवानं.

जुनी नाणी:
झिजायला वेळच मिळत नव्हता. आर्चबिशप विखमान (1152–1192) याच्या काळात तिथं वर्षातून दोनदा नाणी बदलत. जुनी 12 द्या, नवी 9 घ्या. तीन गेली त्याच्या खजिन्यात, हाच कर. चित्र बदललं की जुनं ओळखू येई. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. गाठीला बांधून ठेवणाऱ्या गरिबाची चौथाई जायची. मोठे व्यापारी चांदी तोलून व्यवहार करत, त्यांना त्याची झळ कमी.

सराफकट्टा:
आमच्याकडे जीर्ण टाक मोडून नवा करताना चांदी गिऱ्हाइकासमोर तोलतो. घट आणि मजुरी तेवढी धरतो. चौथाई मागितली तर दुसऱ्या दिवशी दुकानात कोण येईल?

मलप्रभाकाठ:
दोघांचेही आभार. आईला 12 आणि 9 चं सांगितलं. तिनं पहिल्यांदा आपले टाक काढून मोजले. पाचही आहेत.