जुन्या मशीनचे पार्ट भट्टीत घालायचे की वापरायचे?

स्क्रेपिंगवाला, मकरपुरा
काल इथे एकाने लिहिलं, जुन्या मशीनचे पार्ट परत वापरणं म्हणजे भिकेचे डोहाळे. सगळं भट्टीत घाला, नवीन घ्या. ते वाचून रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथचे बेड (ज्यावर सगळी मशीन बसते तो लोखंडी पाया) हाताने स्क्रेप केलेत, म्हणजे खरवडून सपाट केलेत मी. जुन्या लेथचा ओतीव बेड वर्षानुवर्षं बसलेला असतो, कास्टिंगमधला ताण निघून गेलेला असतो. घाईने मशीनिंग केलेलं नवं कास्टिंग पुढे वाकतं, हे मी मोजून पाहिलंय. उंचवटे दिसावेत म्हणून ब्लू (निळा रंग) लावा, स्क्रेप करा, सरकणाऱ्या स्लाइडला टर्साइट (कमी घर्षणाची प्लास्टिक पट्टी) चिकटवा, झिजलेला लीडस्क्रू (आट्यांचा लांब दांडा) बदला. असा बेड वितळवायचा?

सेफ्टीवाला
लिहिणारा मीच. काका, बेडचं सांगता, बेअरिंगचं का नाही? माझ्या पहिल्या नोकरीत ब्लोअरला ६२०५ नंबरचं बेअरिंग बसवलं. नवं म्हणून आणलेलं, निघालं भंगारातलं पॉलिश केलेलं. तीन आठवड्यांत जाम झालं, आणि बेल्टमध्ये माझ्या सोबत्याचं बोट गेलं. बेअरिंगचा थकवा आधी रेसच्या (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीच्या) पृष्ठभागाखाली सुरू होतो, वरून चकचकीत दिसतं. आणि मायापुरी विसरलात? २०१० साली दिल्लीच्या त्या भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० निघाला, विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातला. एक कामगार गेला.

स्क्रेपिंगवाला, मकरपुरा
ते यंत्र तोडायलाच नेलं होतं, पार्ट वापरायला नाही! म्हणजे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. बेअरिंग, क्रेनचा हूक, वायररोप जुने घेऊ नयेत, हे मान्य. पण बेड आणि बेअरिंग एका तराजूत घालू नका.

तरसाळीची
तुम्ही दोघं लोखंडावर भांडताय. मशीन खोलताना गिअरबॉक्समधलं तेल कुठे जातं ते सांगा. आमच्या घरामागे एक शेड आहे. पहिल्या पावसात अंगणात इंद्रधनुष्यासारखी साय तरंगते. सासूबाईंची तुळस दोनदा जळली, बोअरच्या पाण्याला वास येतो. दोनदा तक्रार केली, कुणी फिरकलं नाही. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत: ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही, परवानाधारकालाच द्यायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तर पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, त्याच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. तरी तांबं काढतात आणि तेल नाल्यात ओततात.

छोटा कारखानदार
ताई, बोलणं सोपं आहे. माझ्याकडे सहा महिन्यांत जेमतेम एक बॅरल तेल निघतं. परवानाधारक म्हणतो, एका बॅरलसाठी गाडी पाठवणार नाही. तिकडे ९० दिवस भरतात. भंगारवाला रोख देऊन उचलतो. मी काय करायचं?

तरसाळीची
शेजारच्या चार शेडवाल्यांशी कधी बोललात? पाच जणांची पाच बॅरल एका फेरीत जातील. तुमची अडचण माझ्या बोअरमध्ये उतरते, हे लक्षात घ्या!

छोटा कारखानदार
आवाज चढवू नका. मी नाल्यात ओतत नाही.

सेफ्टीवाला
पण भंगारवाला काय करतो ते विचारलंत कधी? कुणी भट्टीत जाळतो, कुणी गाळून नवं म्हणून विकतो. ताईंचा मुद्दा माझ्याहून मोठा आहे. मी पार्टवरच अडलो होतो.

स्क्रेपिंगवाला, मकरपुरा
माझं बेडबद्दलचं मत बदलणार नाही. पण गेल्या महिन्यात एका लेथचं हेडस्टॉक (गिअर असतात तो डोक्याकडचा भाग) खोललं, तेव्हा तेल बादलीत काढून पोराला म्हणालो, "टाकून ये." कुठे टाकलं, विचारलं नाही. आत्ता फोन करून विचारलं. शेडमागच्या खड्ड्यात.

छोटा कारखानदार
काका, तुमची शेड माझ्या रांगेतच आहे ना? सोमवारी भेटतो, बाकीच्या तिघांनाही बोलावतो. गाडीवाल्याला बॅरल किती ते आधी सांगावं लागेल.

तरसाळीची
त्या खड्ड्यातली मातीही काढा. ती बॅरलमध्येच भरा, बाहेर पसरू नका.