इंग्रजीत न उच्चारलेली अक्षरं आली कुठून?

अबोली_चिंचवड

लेक सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. परवा स्पेलिंगच्या चाचणीत तिनं 'डेट' (कर्ज या अर्थी) डी-ई-टी असं लिहिलं. बाईंनी लाल शाईनं मधे बी घातला. घरी आल्यापासून तिचं एकच चाललंय, "आई, बी म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला? आधी म्हणत होते का?"

"पाठ कर" म्हणून मोकळं होता येईल, पण तिला कारण हवंय आणि खरं तर मलाही. वहीच्या मागच्या पानावर तिनं यादीच केली आहे: डेट, डाउट, रिसीट, आयलंड, घोस्ट, नी (गुडघा), नाइट (रात्र आणि सरदार, दोन्ही). या सगळ्यांमागे एकच कारण आहे की प्रत्येकाची गोष्ट निराळी? जाणकारांनी कृपया सांगावं.

निवृत्त_मास्तर

अबोलीताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. माझी सगळी नोकरी वाईजवळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेली. हा प्रश्न विचारणाऱ्या पोरांचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. "आधी म्हणत होते का?" हा तिचा प्रश्न तर अगदी नेमका आहे, कारण यादीचे दोन ढीग त्यावरच पडतात. नी आणि नाइट यांतली मुकी अक्षरं एके काळी खणखणीत बोलली जायची. डेट, डाउट, आयलंड यांतली बोलण्यात कधी नव्हतीच, ती मागाहून लिहिण्यात घुसवली.

डेटचंच बघा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो बी-शिवाय. डी-ई-टी-टी-ई किंवा नुसतं डी-ई-टी असं लिहीत. म्हणजे तुमच्या लेकीनं लिहिलं ते चौदाव्या शतकातल्या लंडनकराला मुळीच खटकलं नसतं. पुढे लॅटिनचा दबदबा वाढला आणि शब्द लिहिताना त्याचं लॅटिन कूळ दिसलं पाहिजे, असं पंडितांच्या मनानं घेतलं. कर्जाला लॅटिनमध्ये 'डेबिटुम' (पासबुकातलं 'डेबिट' तिथलंच), म्हणून सोळाव्या शतकापर्यंत डेटमध्ये बी येऊन बसला. डाउटमध्ये 'दुबितारे'चा बी आला, रिसीटमध्ये 'रेसेप्टा'चा पी. लोक मात्र बोलायचं ते पूर्वीसारखंच बोलत राहिले. फ्रेंचांनीही मधल्या काळात हा बी लावून पाहिला होता, पण त्यांनी तो पुढे काढून टाकला. इंग्रजीत राहिला. त्यातही सगळीकडे एकच न्याय लावला असं नाही. रिसीटला पी मिळाला, त्याच घडणीच्या डिसीट आणि कन्सीटला नाही.

त्या काळी यावरून चांगलीच चर्चा होती. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे. लोक 'डेट' म्हणताना बी खातात, डी-ई-बी-टी असा पुरा उच्चार करत नाहीत, म्हणून तो संतापतो. पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश. लेकीला जरूर वाचून दाखवा, तिचाच प्रश्न उलट्या बाजूनं मांडलेला आहे.

आयलंडवर मात्र सरळसरळ अन्याय झाला, असं मी मानतो. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस कधीच नव्हता. लॅटिन 'इन्सुला'पासून फ्रेंचमार्गे आलेला 'आइल' हा वेगळा शब्द. दोन्हींचा अर्थ बेट आणि उच्चारही जवळचा, एवढ्यावरून नातं जोडलं आणि आइलचा एस आयलंडला चिकटवला.

घोस्टमधला एच छापखान्यातून आला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याआधी तो बरीच वर्षं ब्रूझला (आजच्या बेल्जियममधलं शहर) होता. तिकडच्या फ्लेमिश भाषेत हा शब्द जी-पुढे एच घालून लिहीत, तीच सवय इकडच्या छपाईत उतरली. आणखीही काही शब्दांत असा एच घातलेला सापडतो, पण त्यांतून तो पुढे गेला.

नी आणि नाइटबद्दल जर्मनीत राहणाऱ्या कुणी लिहिलं तर बरं होईल. तिथं ते रोज कानावर पडतं.

स्टुटगार्टकर

मास्तरांनी हाक दिली म्हणून लिहितो. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरलो आणि गुडघा धरला. इथले डॉक्टर गुडघ्याला 'क्नी' म्हणतात, क आणि न दोन्ही स्पष्ट. स्पेलिंग के-एन-आय-ई. इंग्रजीतही पूर्वी असाच उच्चार होता. साधारण सतराव्या शतकापासून न-च्या आधीचा क गळायला लागला, पण छापील स्पेलिंग तोवर बसलं होतं, त्यामुळे के तसाच राहिला.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. संस्कृतातला 'जानु' (आपल्या 'आजानुबाहू'मधला), लॅटिन 'गेनू' आणि हा 'क्नी' ही एकाच मुळाची रूपं आहेत. मूळच्या ग-चा जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात क झाला, संस्कृतात ज झाला. म्हणजे लेकीच्या यादीतला तो मुका के आपल्या 'जानु'तल्या ज-चा सख्खा भाऊ आहे.

नाइटमधल्या जी-एचचंही तसंच. इंग्रजीत तो घशातून येणारा ख-सारखा आवाज होता. जर्मनमध्ये तो अजून आहे: रात्र 'नाख्ट', मुलगी 'टोख्टर'. इंग्रजीत कुठे तो साफ गेला (नाइट, डॉटर), कुठे त्याचा फ झाला (लाफ, कफ, रफ). सरदार या अर्थाचा नाइट म्हणायचे 'क्निख्ट' असा, सगळी अक्षरं वाजवून. संस्कृतात रात्रीला 'नक्त' आणि मुलीला 'दुहिता' म्हणतात, ते शेजारी ठेवून बघा. इंग्रजीनं लिहिताना जी-एच ठेवला, म्हणून ही सोयरीक नुसत्या डोळ्यांनाही दिसते. मला तरी ती अक्षरं काढू नयेत असंच वाटतं.

मैदानावरचा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा. 'अंपायर'मध्ये उलटं झालंय, एक अक्षर हरवलंय! मुळात तो 'नूंपेर' होता, जुन्या फ्रेंचमधल्या 'नोंपेर'वरून. अर्थ 'जोडीतला नव्हे तो', म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. 'अ नूंपेर' असं भरभर म्हणता म्हणता न मागे सरकला आणि 'अॅन ऊंपेर' झालं. 'एप्रन'चंही हेच. तो 'नेप्रन' होता. त्याच घरातल्या 'नॅपकिन'नं आपला न सांभाळलाय.

ऑरेंजही असाच झाला असं बरेच जण सांगतात. पण आपल्या 'नारिंग'शी नातं असलेला तो शब्द इंग्रजीत शिरला तेव्हाच त्याचा न गेलेला होता. तो युरोपात वाटेतच गळला.

अबोली_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार! 'क्नी' आणि 'जानु' ऐकून लेक घरभर गुडघ्यावर हात मारत 'क्नी, क्नी' करत हिंडतेय. तिची पुढची शंका: चुकून घातलेला एस आहे हे कळलंय, तर आता काढत का नाहीत? आणि यादीत 'कुड' राहिला होता, त्यातल्या एलचं काय?

निवृत्त_मास्तर

काढायचा तर कुणी, हीच अडचण आहे. मराठीत हे झालेलं आहे. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'घरांत' असे न उच्चारलेले अनुस्वार ओळीओळीला दिसतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली राज्य शासनानं मान्य केले, पाठ्यपुस्तकं त्याप्रमाणे छापली गेली आणि ते अनुस्वार गेले. इंग्रजीला असं महामंडळ नाही. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा शब्दकोश लोक प्रमाण मानू लागले, आणि त्यानं बहुतेक रूढ स्पेलिंगंच नोंदवली होती. अमेरिकेत नोआ वेबस्टरनं जोर लावला. १८२८ च्या त्याच्या कोशातलं यू-शिवायचं 'कलर' तिकडे रुजलं. 'टंग' टी-यू-एन-जी असं लिहावं, हेही त्यानं सुचवलं होतं, ते कुणी घेतलं नाही. डेटचा बी आणि आयलंडचा एस तर दोन्ही देशांत जागेवरच आहेत.

'कुड'चा एल घुसवलेल्या ढिगात टाका. 'शुड' आणि 'वुड' हे 'शॅल' आणि 'विल'पासून आले, त्यांत एल मुळापासून होता आणि बोललाही जायचा. 'कुड' आला 'कॅन'पासून, त्यात एल कुठून असणार? पण तिन्ही शब्द कायम एकत्र वावरणारे, म्हणून त्या दोघांसारखा यालाही एल लावला गेला.