क्रेब्सच्या बापाची मोटार आणि जोड कुटुंबाची जमीन: युद्धाचा हिशेब कोणी लिहिला?

शेवंता

पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी-अमेरिकन कादंबऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली नावं येतात: हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड, जोडीला व्हर्जिनिया वुल्फ. 'हरवलेली पिढी' (युद्धाने भ्रमनिरास झालेले तरुण लेखक) म्हटलं, पॅरिसच्या कॅफेंचा उल्लेख केला की चर्चा संपते. स्टाइनबेक, वॉल्टर ग्रीनवुड, ॲलन सिलिटो ही मंडळी 'सामाजिक वास्तववादी' म्हणून वेगळ्या कप्प्यात जातात. विषय चांगला, पण कला बेताची, असा त्यांच्याबद्दलचा सूर. मला हे मुळीच मान्य नाही. युद्धाने माणसाचा मोठमोठ्या शब्दांवरचा विश्वास उडवला, हे पहिल्यांनी सांगितलं. युद्धानंतर त्याच्या पोटाचं, घराचं, जमिनीचं काय झालं, हे सांगायला दुसऱ्यांना यावं लागलं. भ्रमनिरासाची पहिल्यांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे.

हेमिंग्वेची 'सोल्जर्स होम' ही १९२५ची कथा घ्या. हॅरल्ड क्रेब्स १९१९च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या आपल्या गावी परततो. सत्कार, मिरवणुका सगळं आधीच उरकलेलं. लोकांनी युद्धाच्या इतक्या भयानक गोष्टी ऐकल्यात की खरं सांगणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग तोही खोटं बोलतो आणि त्या खोट्याची त्याला शिसारी येते. न्याहारीच्या टेबलावर आई म्हणते, मी दिवसभर तुझ्यासाठी प्रार्थना करते, तेव्हा हा ताटलीत गोठत चाललेल्या बेकनच्या चरबीकडे बघत असतो. थोड्या वेळाने ती विचारते, तुझं आईवर प्रेम नाही का? तो 'नाही' म्हणतो. कथा मोठी आहे, यात वादच नाही.

पण त्याच कथेत आणखी एक तपशील आहे. क्रेब्सचा बाप जमीन खरेदी-विक्रीच्या धंद्यात आहे. गिऱ्हाइकांना शेतजमिनी दाखवायला न्यायचं म्हणून मोटार त्याला कायम हाताशी लागते. ती फर्स्ट नॅशनल बँकेच्या इमारतीबाहेर उभी असते, कारण त्याचं ऑफिस त्याच इमारतीत आहे.

आता १९३९मध्ये या. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ', जमिनीवरून हुसकावलेल्या जोड कुटुंबाची कादंबरी. राज्य तेच, ओक्लाहोमा. पाचव्या प्रकरणात जमीनमालकांची माणसं मोटारींतून येतात, कित्येकदा खालीही उतरत नाहीत, काचेआडूनच कुळांना सांगतात की बँक नावाचा राक्षस नफ्यावाचून जगू शकत नाही, तेव्हा तुम्ही जागा सोडा. कुळं काय म्हणतात बघा. पुढचं साल बरं जाईल, जगात इतकी युद्धं चाललीयत, कापसापासून स्फोटकं होतात, गणवेश होतात, भाव चढेल. पहिल्या युद्धात कापसाला आणि गव्हाला चढा भाव मिळाला, शेतकऱ्यांनी कर्जं काढून जमिनी वाढवल्या आणि १९२०मध्ये भाव कोसळले. त्या कर्जाच्या ओझ्याखाली माणसं पुढची दहा-पंधरा वर्षं चिरडत गेली.

म्हणजे क्रेब्सचा बाप ज्या जमिनी गिऱ्हाइकांना दाखवत होता, तसल्याच जमिनींवर राबणाऱ्यांचं पुढे काय झालं ते स्टाइनबेकने लिहिलं. हेमिंग्वेने बँकेची इमारत पाहिली, पण तो तिच्या आत गेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

जुनी वही

शेवंताताई, बँकेच्या इमारतीचा तपशील तुम्ही छान पकडलात, पण तोच तुमच्या विरुद्ध जातो. तो तपशील कथेत घातला कोणी? हेमिंग्वेनेच. बापाचा धंदा, बँक, मोटार, आणि संध्याकाळी ती मोटार वापरायला द्यायची बापाची तयारी, म्हणजे पोराने आता माणसात यावं, नोकरी धरावी म्हणून दाखवलेलं आमिष. सगळं तिथे आहे. फक्त त्यावर भाष्य नाही. वाचकाला ते दिसेल एवढा भरवसा लेखकाने ठेवला.

आणि हेमिंग्वेला वर्ग दिसत नव्हता असं म्हणणाऱ्याने 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) पुन्हा उघडावं. रुग्णवाहिका चालवणारे इटालियन ड्रायव्हर खंदकात बसून काय बोलतात? पासिनी म्हणतो की देशावर एका वर्गाची हुकमत आहे, त्या वर्गाला काही समजत नाही आणि कधी समजणारही नाही, म्हणून हे युद्ध आहे. वर ते यातून पैसा करतात, हेही तिथेच येतं. थोड्याच वेळात, मॅकरोनी आणि चीज खाता खाता, गोळा पडतो आणि पासिनीचे पाय जातात. दुसरा कुठलाही लेखक त्या भाषणानंतर आणखी एक भाषण देता. इथे बोलणाऱ्याचाच जीव जातो.

उलट ग्रीनवुडच्या 'लव्ह ऑन द डोल'मधला लॅरी मीथ पाहा. भला माणूस, पण तोंड उघडलं की अर्थशास्त्राचा तास सुरू. स्टाइनबेकच्याही मधल्या प्रकरणांत उपदेशाचा सूर लागतो. ही पुस्तकं खालच्या फळीवर असतील तर विषयामुळे नाहीत.

कृष्णाकाठ

शेवंताताईंशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जाईन. भ्रमनिरास ही चैन परवडणारे लोक वेगळे होते.

अमेरिकेत १९२४च्या कायद्याने माजी सैनिकांना बोनसची प्रमाणपत्रं दिली गेली, पैसे मिळणार होते १९४५मध्ये. मंदी आली, लोक उपाशी मरायला लागले. १९३२च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला जाऊन बसले की आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या फौजेने त्यांना हुसकावलं आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. ज्या सैन्यात ते लढले त्याच सैन्याने! 'गौरव', 'त्याग' हे शब्द पोकळ आहेत हे त्यांना कोणत्या कादंबरीतून शिकायचं नव्हतं.

ग्रीनवुडवर 'जुनी वही' अन्याय करतात. तो स्वतः इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा, बेकारी भोगलेला माणूस. १९३३च्या त्या पुस्तकातलं मला विसरता न येणारं माणूस लॅरी नाही, हॅरी हार्डकॅसल आहे. पोरसवदा वयात कारखान्यात उमेदवारीला लागतो. उमेदवारी संपून पूर्ण पगाराचा हक्क येतो त्याच वेळी त्याला घरी बसवतात, कारण स्वस्तातली नवी पोरं दारात उभी असतात. मग बेकारभत्ता, आणि घरात दुसऱ्या कुणाची चार पैशांची मिळकत दिसली की तोही कापणारी ती चौकशी. शेवटी बहीण सॅली सट्टेवाल्या ग्रंडीच्या घरी राहायला जाते, तेव्हा कुठे बापाला आणि भावाला नोकऱ्या लागतात. यात उपदेश कुठे आहे? या गोष्टीवर चित्रपट काढायला ब्रिटिश सेन्सॉरने १९३०च्या दशकात परवानगी दिली नव्हती, ती थेट दुसऱ्या युद्धात मिळाली. बोचल्याशिवाय कोणी अडवत नाही.

आमच्या सातारा भागात कित्येक गावांत अजून ती संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. परत आले त्यांचं काय झालं, ते पाटीवर नसतं. मुल्कराज आनंदांचा लालू, पंजाबचा शेतकरी पोरगा, फ्रान्सच्या खंदकात जातो तो गेलेली जमीन सोडवायच्या आशेने. इंग्रजी कादंबरीतला हा सैनिक हेमिंग्वेच्या नायकांपेक्षा माझ्या पणजोबांना जास्त ओळखीचा वाटला असता.

अबोली

'भ्रमनिरास ही चैन' हे वाक्य वाचून राहवलं नाही. वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मधला, युद्धावरून परतलेला सेप्टिमस स्मिथ कोण आहे? श्रीमंत? तो कारकून आहे. तोही, योगायोग पाहा, जमिनी-मालमत्तांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत. स्ट्राउडसारख्या लहान गावातून लंडनला आलेला, संध्याकाळी वॉटर्लू रोडला शेक्सपिअरवरची व्याख्यानं ऐकणारा. तो सैन्यात जातो ते इंग्लंड वाचवायला, आणि त्याच्या मनातलं इंग्लंड म्हणजे शेक्सपिअरची नाटकं आणि ती शिकवणारी मिस इझाबेल पोल. शिक्षणाने वर येऊ पाहणाऱ्या गरीब पोराची इतकी नेमकी नोंद मला कुठल्याच वास्तववादी कादंबरीत सापडलेली नाही.

आणि त्याला मारतं कोण? आधी डॉ. होम्स, जे म्हणतात तुम्हाला काहीही झालेलं नाही. मग सर विल्यम ब्रॅडशॉ, भरभक्कम फी, करड्या रंगाची मोटार, पाऊण तासाची भेट, आणि 'संतुलन' हा त्यांचा देव. संध्याकाळी हेच ब्रॅडशॉ नायिकेच्या, क्लॅरिसा डॅलोवेच्या पार्टीत उशिरा येतात आणि तिच्या खासदार नवऱ्याशी बोलतात की युद्धाच्या धक्क्याचे परिणाम उशिरानेही दिसतात, येणाऱ्या विधेयकात त्याची तरतूद हवी. दुपारी पेशंटने खिडकीतून उडी टाकलीय आणि रात्री विधेयकाच्या कलमावर चर्चा! सत्ता, पैसा, वैद्यक, संसद हे सगळं एका दिवसाच्या गोष्टीत आलं आहे. यापेक्षा आणखी सामाजिक काय लिहायचं?

शेवंता

अबोली, सेप्टिमसबद्दल शब्दही खोटा नाही. पण त्याच्या मरणाची बातमी कादंबरीत कुठे पोचते, ते पाहा. क्लॅरिसाच्या दिवाणखान्यात. तिला त्यातून जगण्याची ओढ परत मिळते, ती पाहुण्यांत जाते. रेझिया, त्याची टोप्या शिवणारी इटालियन बायको, तिचं पुढे काय झालं? परक्या देशात, नवरा गेलेली, हातात शिवणकाम. पुस्तक तिच्याकडे वळून बघत नाही. मला नेमकी हीच जागा दाखवायची होती. स्टाइनबेक किंवा ग्रीनवुड असता तर रेझियाच्या घरभाड्यापासून सुरुवात करता.

पाटीपेन्सिल

भाड्यापासून सुरुवात करणाऱ्यांना एक अवघड प्रश्न. दुसऱ्या युद्धानंतर इंग्लंडमध्ये काम मिळालं, पगार मिळाला, सरकारी दवाखाने आले. मग राग का गेला नाही?

सिलिटोच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग'चा (१९५८) आर्थर सीटन नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर आहे. बापाने युद्धाआधी बेकारभत्त्यावर दिवस काढले, आता त्याच घरात टेलिव्हिजन आहे. आर्थरला बनवलेल्या नगांच्या हिशेबाने पैसे मिळतात. त्याचा हात इतका बसलाय की सकाळीच हजारेक नग उरकून दुपार रेंगाळत काढू शकेल. पण फार भराभर काम केलं तर दर तपासणारा येऊन दर कापेल, म्हणून तो जपून काम करतो. हे बारकावे सिलिटोला ठाऊक होते, कारण तो स्वतः चौदाव्या वर्षी तसल्याच कारखान्यात लागला होता. शनिवारी दारू, दुसऱ्याच्या बायका, अधूनमधून राखीव सैनिक म्हणून पंधरवड्याची कवायत. खिसा भरलेला आहे आणि आर्थरचा सरकारवर, युनियनवर, सैन्यावर, कुणावरच विश्वास नाही.

भ्रमनिरासाचं मूळ भाकरीत असतं तर आर्थर खूश असायला हवा होता. म्हणून मला 'अर्धी गोष्ट' ही मांडणीच पटत नाही. क्रेब्सला जे झालं तेच आर्थरला झालंय, फक्त पगारासकट.

रानजाई

तुमच्या दोन्ही बाजूंच्या यादीत एक मोठी फट आहे. स्टाइनबेकने १९३६ साली वृत्तपत्रासाठी स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्या फिरून लेख लिहिले, टॉम कॉलिन्ससारख्या छावणीप्रमुखाकडून माहिती घेतली, 'ग्रेप्स'च्या अर्पणपत्रिकेत त्याचं नाव घातलं. मेहनत शंभर टक्के. पण कॅलिफोर्नियाच्या शेतांत त्याआधी राबत होते ते मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर, आणि मंदीत मेक्सिकनांना मोठ्या संख्येने सीमेपार धाडलं गेलं. 'ग्रेप्स'मध्ये ते जवळजवळ नाहीतच. गोऱ्या शेतकऱ्याची ही गत होते म्हणून देश हादरला.

आता टोनी मॉरिसनची 'सुला' (१९७३) घ्या. शॅडरॅक, काळा सैनिक, १९१७मध्ये फ्रान्समध्ये शेजारच्याचं डोकं उडताना पाहतो. पुढे इस्पितळात शुद्धीवर येतो तेव्हा समोर पत्र्याची थाळी, तिचे तीन कप्पे, एकात भात, एकात मांस, एकात शिजवलेले टोमॅटो. एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही हे पाहून त्याला हायसं वाटतं. आणि मग त्याला स्वतःचे हात वाढत चाललेले दिसतात. इस्पितळाला खाट हवी असते, म्हणून २१७ डॉलर, कपड्यांचा एक जोड आणि कागदपत्रं देऊन त्याला बाहेर काढतात. मनाचा धक्का आणि रोख रकमेचा आकडा एकाच पानावर! हेमिंग्वेने एक केलं, स्टाइनबेकने दुसरं, हा वाद मॉरिसनपाशी टिकत नाही.

जुनी वही

'सुला' थोर आहे, पण ती पन्नासेक वर्षांनी लिहिलेली. तेवढ्या अंतरावरून दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. क्रेब्स लिहिला गेला तेव्हा जखम ओली होती.

शेवंता

ओल्या जखमेवर हे करून दाखवणारा होता ना. जॉन डॉस पॅसोस, '१९१९' ही कादंबरी, साल १९३२. तिचा शेवटचा भाग अज्ञात सैनिकावर आहे, ज्याला १९२१मध्ये आर्लिंग्टनला राष्ट्राध्यक्ष हार्डिंगच्या हजेरीत पुरलं. प्रेतांतून एक निवडताना आवाज येतो की पोरांनो, हा काळा नाही ना, इटालियन नाही ना, ज्यू नाही ना, नीट बघा. ज्या माणसाचं नावही उरलं नाही त्याची जात मात्र तपासून घ्यायची! पुढे त्या कोणाही सैनिकाने आयुष्यात केलेल्या हरतऱ्हेच्या नोकऱ्यांची यादी, आणि तिच्यात घुसलेली हार्डिंगच्या भाषणाची फुगलेली वाक्यं. 'जुनी वही'ला हवी असलेली शब्दांची पोकळी आणि रानजाईला हवा असलेला वर्णाचा प्रश्न, दोन्ही युद्ध संपल्यावर चौदा वर्षांत एकाच प्रकरणात आले.

जुनी वही

ते प्रकरण जबरदस्त आहे, पण बाकीच्या पुस्तकात माणसं कापडी बाहुल्यांसारखी वाटतात. बातम्यांचे मथळे, गाण्यांचे तुकडे, चरित्रं, सगळं आहे. एकाही पात्राचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. क्रेब्सची ताटली येते.

शेवंता

त्याच '१९१९'मधला जो विल्यम्स घ्या. साधा खलाशी. नौदलातून पळालेला, खोट्या कागदपत्रांवर जहाजांवर कामं करणारा, पाणबुड्यांच्या टॉर्पेडोंतून वाचलेला. युद्ध संपल्याच्या रात्री सेंट-नाझेरच्या एका बारमध्ये मारामारी होते आणि डोक्यात बाटली बसून तो मरतो. तेवढी चाळीस-पन्नास पानं पुन्हा वाचा आणि मग कापडी कोण ते सांगा.