‘प्रतिपिंड चाचणी’ : प्रतिपिंडांची की प्रतिपिंडांनी?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ) : कृषीवाल्यांनी पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान नळीत चेचलं, द्रावण टाकलं अन् पट्टी बुडवली. दोन लाल रेघा आल्या, म्हणजे बीटी आहे म्हणते. याले ‘प्रतिपिंड चाचणी’ काहून म्हणायचं? प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी, ते त रक्तात राहतात ना? झाडाले कुठलं आलं रक्त?

लॅबताई (वर्धा) : दादा, प्रतिपिंडं पानात नाहीत, पट्टीत आहेत. प्राण्यांच्या शरीरात तयार झालेलीच, पण इथे गळासारखी वापरलेली. बीटी कपाशीत बोंडअळीला मारणारं क्राय१एसी प्रथिन असतं, तेवढं ती धरतात. त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात, रेघ लाल दिसते ती त्यामुळे. दुसरी रेघ पट्टी धड आहे एवढंच सांगते. ती उमटली नाही तर पट्टी फेकायची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही बीटी ओळखायची अशी किट काढली आहेत.

विग्रह (अमरावती) : घोळ समासाचा आहे. ‘रक्तचाचणी’ म्हणजे रक्ताची चाचणी, षष्ठी तत्पुरुष. त्याच चालीवर लोक ‘प्रतिपिंडांची चाचणी’ असा विग्रह करतात. इथे हवा तृतीया तत्पुरुष, प्रतिपिंडांनी केलेली. लिहिताना ‘प्रतिपिंडाधारित’ म्हणा. बोलायला जड आहे, पण अर्थ निसटत नाही.

लॅबताई : हो, डेंग्यूत तर दोन्ही असतं. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ बघतात. ते विषाणूचं प्रथिन, प्रतिपिंडांनी पकडलेलं. त्यानंतर आयजीएम, म्हणजे रोग्याचीच प्रतिपिंडं. गंमत म्हणजे आयजीएम एलायझाच्या (प्रतिपिंडं वापरून रंगावरून प्रमाण मोजणारी लॅबमधली चाचणी) प्लेटमध्ये तीही प्रतिपिंडांनीच धरतात! ९६ खळग्यांची प्लेट, शेवटी पिवळा रंग. किती गडद, ते यंत्र मोजतं. म्हणून बीटी प्रथिन पानात किती आहे हे हवं असेल तर एलायझा. नुसतं आहे की नाही एवढंच हवं तर पट्टी पुरते.

विग्रह : ‘एलायझा’ला प्रतिशब्द शोधत बसू नका. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगव्हाल आणि पर्लमान यांनी दिलेलं लघुरूप आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही रुळलंय.

पऱ्हाटीवाला : बरं. मंग चोर बीटी, म्हणजे ते बिनपरवान्याचं तणनाशक सोसणारं बियाणं, या पट्टीवर सापडते का?

लॅबताई : त्यातही बीटी प्रथिन असलं तर रेघा दोनच येणार, फरक कळायचा नाही. तणनाशक सोसायला लावणारं प्रथिन वेगळं, त्याची प्रतिपिंडं वेगळी. पट्टीही वेगळीच घ्यावी लागते.