नुसता हिस्सा घेऊन भागत नाही

काही जण म्हणतात की सरकारने खाणीत भागीदारी घेतली की देशाचा वाटा आपोआप पदरात पडतो. मला हे पटत नाही. मंगोलियाचंच बघा. ओयू तोलगोई या तांबे-सोन्याच्या खाणीत २००९ च्या करारापासून सरकारचा ३४ टक्के हिस्सा आहे. पण त्या हिश्श्याचं भांडवल घालायला सरकारकडे पैसे नव्हते, ते परदेशी भागीदारानेच कर्जाऊ दिले. म्हणजे लाभांश हातात येण्याआधी कर्ज फेडायचं, त्यावर व्याज चढतंच होतं! खाणीचा खर्च वाढला तसं हे ओझंही वाढलं. शेवटी बराच वाद होऊन २०२२ मध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं. एवढी वर्षं मालक असूनही लाभांशाच्या नावाने शून्य, याची चीड येते.

रॉयल्टीचं, म्हणजे काढलेल्या मालावर कंपनीने सरकारला द्यायच्या ठरावीक टक्क्यांचं, तसं नाही. ती माल निघाला की द्यावीच लागते, नफा दाखवा अगर न दाखवा. अर्थात दर नीट ठरवला तर. झांबियाने तांब्याच्या खाणी विकताना तो ०.६ टक्के इतका खाली आणला होता, आणि २००८ मध्ये ३ टक्के केला तो तांब्याचे भाव कित्येक पटींनी वाढून गेल्यावर.